रोमला जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

रोममध्ये पोहोचल्यावर पहिल्या तासाभरातच आमची ताटातूट झाली. तेर्मिनी स्टेशनवर मेट्रोच्या फाटकाला मी बँकेचं कार्ड टेकवलं, आत गेलो, आणि मागे हात करून तेच कार्ड आईसाठी टेकवलं. फाटक ढिम्म. पुन्हा टेकवलं, तरी ढिम्म. मी आत, आई दोन बॅगांसकट बाहेर, आणि तिच्या मागे वाढत जाणारी रांग. लोकलला एकाने खिडकीवर जाऊन "चार अंधेरी" म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागोमाग जायचं, ही आपली सवय. तिथे एका कार्डावर एकच माणूस. प्रत्येकाकडे वेगळं कार्ड नसेल तर सरळ कागदी तिकिटं घ्या. ती स्टेशनातल्या यंत्रात मिळतात, नाहीतर 'तबाकी'त, म्हणजे मोठ्या 'टी'ची पाटी लावलेल्या विडी-सिगारेटच्या दुकानात.

साधं तिकीट १०० मिनिटं चालतं, पण त्यातही मेख आहे. तेवढ्या वेळात बस कितीही बदला, मेट्रो मात्र एकदाच. एकदा बाहेर आलात की त्याच तिकिटावर परत आत जाता येत नाही. आणि बसमध्ये चढल्या चढल्या कागदी तिकीट तिथल्या यंत्रात घालून त्यावर छाप उमटवून घ्यायची. खिशात कोरं तिकीट असलं तर तुम्ही विनातिकीटच. दंड ५० युरोंच्या वर जातो, आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे तपासनीस रोज दहा भाषांत ऐकतो.

खिसेकापूंबद्दल सगळेच सांगतात. तरी आपल्याला वाटतं, दादरचा पूल पचवलेल्या माणसाला कोण काय करणार! पण तिथली तऱ्हा निराळी. तिथे धक्काबुक्कीपेक्षा तुमचं लक्ष दुसरीकडे वळवण्यावर भर असतो. तिकिटाच्या यंत्रापाशी कुणी आपणहून मदतीला येतं, कुणी तुमच्या शर्टावरचा डाग दाखवतं, कुणी मनगटाला दोरा बांधायला लागतं. तेर्मिनीहून व्हॅटिकनच्या दिशेने जाणारी ६४ नंबरची बस यासाठी बदनामच आहे. मेट्रोत दाराशी उभं राहू नका, दार बंद होता होता पर्स जाते. पासपोर्ट आणि पैसे एकाच पाकिटात ठेवू नका. चोरी झालीच तर आधी कार्ड बंद करा आणि मग पोलिसांकडे जाऊन लेखी तक्रार नोंदवा (तिला 'देनुंचा' म्हणतात). त्या कागदाशिवाय विमा मिळणं कठीण, आणि पासपोर्ट गेला असेल तर आपल्या दूतावासातही आधी तोच मागतील. तातडीच्या मदतीचा नंबर ११२.

कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात. बुकिंग करताना लाडकं नाव किंवा 'काका'छाप अर्धवट नाव टाकू नका. पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने टाका. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, त्या दिवशी प्रवेश फुकट. त्या फुकटाच्या मोहात पडू नका, रांग बघूनच पाय गळतात. सेंट पीटर्स या व्हॅटिकनमधल्या मोठ्या चर्चसमोरच्या चौकातून संग्रहालयाचं दार दिसतही नाही. भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. वेळेचं तिकीट असेल तर हे आधीच धरून निघा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी बायकांच्या खांद्यांची सोय करते, हाफपँटवाल्या पुरुषांना मात्र तोंड पाडून परतावं लागतं.

शाकाहारी मंडळींनो, आता नीट वाचा. रोममध्ये 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरची. आपल्याकडे पिझ्झावर ज्या नावाने मांसाच्या चकत्या येतात, ते हे नव्हे. त्यामुळे घाबरून चांगला पिझ्झा सोडू नका. उलट साध्यासुध्या दिसणाऱ्या आमात्रिचाना आणि कार्बोनारा या पास्त्यांमध्ये डुकराच्या गालाचं मांस असतं. पेकोरिनो चीज पारंपरिक पद्धतीने कोकराच्या पोटातल्या विरजणाने बनतं, म्हणून कडक शाकाहारी असाल तर त्याच चीजचा काचो ए पेपे हा पास्ताही नको. निर्धास्त पर्याय म्हणजे पिझ्झा मारिनारा, ज्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो असतं, चीज नसतंच. लसूण-तेल-मिरचीचा पास्ताही चालेल, फक्त वरून चीज नको म्हणून सांगा. लसूणही न खाणाऱ्यांची खरी पंचाईत. त्यांनी थेपले न्यावेत, हे मी अगदी मनापासून सांगतो.

कॉफीच्या बाबतीत आमची दोनदा फजिती झाली. बायकोने ऐटीत 'लाते' मागितली, तर समोर पेलाभर दूध आलं. इटालियनमध्ये लाते म्हणजे दूधच, कॉफी हवी तर 'काफे लाते' म्हणायचं. दुसऱ्यांदा आम्ही चौकातल्या टेबलावर ऐसपैस बसलो आणि बिल पाहून उठलो. तीच कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर बरीच स्वस्त पडते. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे आणि मग ती पावती काउंटरवर ठेवायची. अगदी आपल्या उडप्याच्या कूपनसारखं.

दमलात म्हणून स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर टेकू नका, २०१९पासून तिथे बसायला बंदी आहे. त्रेव्हीच्या कारंज्यात पायही बुडवू नका. दोन्हीकडे दंड होतो. रस्त्यांवरच्या काळ्या दगडी चिऱ्यांवर बॅगेची छोटी चाकं आणि नवे कोरे बूट, दोन्ही जाच करतात. आमच्या एका बॅगेचं चाक तर तिथेच राहिलं.

आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. गल्लोगल्ली 'नासोने' नावाचे लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, पाणी गार आणि पिण्याजोगं. आम्ही पहिल्या दिवशी खाली वाकून ओंजळीने पाणी पीत होतो. मग एका आजोबांनी दाखवलं, तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजासारखी धार थेट तोंडाशी येते. आईने दाबलं, जरा जास्तच जोरात. धार माझ्या शर्टावर.