मुलाखतीतल्या गोष्टी संशोधनात वापरताना या चुका टाळा

समाजशास्त्राच्या प्रबंधांत एक दृश्य वारंवार दिसतं. सिद्धान्त आधीच ठरलेला असतो आणि मुलाखतीतले चार परिच्छेद त्याला पुरावा म्हणून जोडलेले असतात. ही चूक जुनीच आहे. थॉमस आणि झ्नानियेत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी १९१८ ते १९२० या काळात पोलिश शेतकऱ्यांच्या पत्रांवर आणि एका स्थलांतरिताच्या आत्मकथनावर पाच खंड लिहिले. १९३९ मध्ये समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी दाखवून दिलं की त्यातले सिद्धान्त त्या पत्रांवरून सिद्ध होत नाहीत. तुमच्या लेखनाची हीच परीक्षा घ्या: गोष्ट काढून टाकली तरी निष्कर्ष जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तुम्ही ती वाचलेलीच नाही. मूळ ध्वनिमुद्रणाकडे परत जा आणि सिद्धान्तात न बसणारी वाक्यं आधी शोधा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सांगणाऱ्याची आठवण 'दुरुस्त' केल्याने. इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पण अनेक कामगार त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात झाल्याचं सांगत. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ही तफावत झटकून टाकली नाही. आपल्या माणसाचा जीव गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, ही सल होती, म्हणून आठवणीत तो मृत्यू नंतरच्या लढ्याशी जोडला गेला, असं त्यांनी दाखवलं. तारीख कागदपत्रांशी जरूर ताडून पाहा, फरकाची नोंद करा, पण सांगणाऱ्याचं वाक्य बदलू नका. माणसं नेमकी कुठे चुकतात, हे मला तरी अचूक तपशिलांपेक्षा मोलाचं वाटतं.

मुलाखत कोरडी होत असेल, तर बहुधा तुम्ही 'का' विचारत आहात. 'नोकरी का सोडली?' म्हटलं की माणूस सफाई देऊ लागतो. 'त्या दिवशी काय काय झालं?' असं विचारा आणि मग गप्प बसा. मधली शांतता भरून काढायची घाई नको.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असंही समजू नका. गाव, व्यवसाय आणि एखादा अपघात एवढ्यावरून शेजारी त्या माणसाला ओळखतात. छापण्याआधी मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवा. एखादा प्रसंग त्याला नको असेल, तर तो कितीही उत्तम असला तरी वगळा.