देणगीचं पान आधी मोबाइलवर उघडून बघा
संस्थेची वेबसाइट करताना सगळा जीव पहिल्या पानावरच्या फोटोंत अडकतो आणि देणगीच्या पानावर नुसता क्यूआर कोड टाकून काम उरकलं जातं. पण देणगीदार बहुतेकदा मोबाइलवरच असतो. हातातल्या फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा स्कॅन करणार? म्हणून कोडखाली यूपीआय आयडी अक्षरांत लिहा, शेजारी ‘कॉपी करा’ असं बटण ठेवा. खातं ज्या नावाने आहे ते नोंदणीकृत नावही तिथेच द्या. पैसे पाठवताना अनोळखी नाव दिसलं की माणूस थबकतो, आणि ते रास्तच आहे. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हेही तिथेच सांगून टाका.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर अक्षरं म्हणून वाचता येईल असा टाइप केलेला हवा. पत्रकाचा फोटो चिकटवला तर अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यातलं सहसा नीट वाचता येत नाही.

पत्ता नुसता ‘सदाशिव पेठ, पुणे ४११०३०’ एवढाच नको. कोणत्या चौकातून वळायचं, पीएमपी बसचा जवळचा थांबा कोणता, वर जायला लिफ्ट आहे की जिना, हे लिहा. गुडघे दुखणाऱ्या आजी घरून निघण्याआधी नेमकं हेच शोधतात.