"ग्रुपवर टाकलंय ना" म्हणून ऑफिसचं ज्ञान हरवतं, या चुका टाळा

हल्ली कुठल्याही कंपनीत नवीन माणसाने विचारलं की हे काम कसं करतात ते लिहिलेलं कुठे मिळेल, तर उत्तर ठरलेलं, ग्रुपवर बघ. ग्रुप म्हणजे व्हॉट्सॲप, नाहीतर टीम्स, नाहीतर स्लॅक. आधी हे सगळं फायलीत आणि जुन्या लोकांच्या डोक्यात असायचं, मग इंट्रानेट पोर्टल, म्हणजे कंपनीची आतली वेबसाइट आली, जी पासवर्ड रीसेट करायलाच उघडली जायची, आणि आता कामाचं ज्ञान गप्पांमध्ये आलंय. 2006 साली व्यवस्थापनाचे अभ्यासक अँड्र्यू मॅकॅफी यांनी याला एंटरप्राइज 2.0 असं नाव दिलं होतं, म्हणजे ब्लॉग, विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची आणि दुरुस्त करायची वेबपानं) असली साधनं कंपनीच्या आत वापरायची आणि फॉरमॅट वरून न लादता लोकांना लिहू द्यायचं. मला हा बदल मनापासून आवडतो. माणसाला एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, लिहायला बसवलं की तो अडतो, पण सहकाऱ्याने अडचण विचारली की दोन मिनिटांत नेमकं सांगून मोकळा होतो. फक्त सांगितलं म्हणजे साठलं असं होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच फसते.

चॅटलाच रेकॉर्ड समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर बोलू. चाकण किंवा भोसरीतल्या एखाद्या कारखान्याचा मेंटेनन्सचा ग्रुप डोळ्यासमोर आणा. रात्रपाळीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन अलार्म देऊन थांबतं, ऑपरेटर स्क्रीनचा फोटो टाकतो, घरी झोपलेले सिनियर उठून व्हॉइस नोट पाठवतात की अरे लुब्रिकेशनची टाकी बघ, लेव्हल ठीक असेल तर प्रेशर स्विच बघ, मशीन चालू होतं, सगळे अंगठे देतात आणि विषय संपतो. चार महिन्यांनी तोच अलार्म, शिफ्टला दुसराच पोरगा, तो अलार्मचा नंबर सर्च करतो आणि काहीच येत नाही, कारण नंबर फोटोत आहे आणि उत्तर आवाजात. शिवाय तो पोरगा मागच्याच महिन्यात ग्रुपमध्ये आला असेल तर आधीचं बोलणं त्याच्या फोनवर नाहीच. पिन करून ठेवू म्हणाल तर व्हॉट्सॲपवर तीनच मेसेज पिन होतात आणि तेही जास्तीत जास्त 30 दिवस. डिसअपिअरिंग मेसेज (ठरलेल्या वेळाने आपोआप पुसले जाणारे) चालू असतील तर विषयच मिटला.

यावर "सिनियरने नीट लिहून ठेवायला पाहिजे" असं लोक म्हणतात. ते होत नाही, आणि माझ्या मते व्हायलाही नको. ज्याने प्रश्न विचारला त्यानेच उत्तर लिहायचं. एका शेअर्ड शीटमध्ये किंवा विकीच्या पानावर मशीन नंबर, अलार्म, कारण, काय केलं आणि तारीख, एवढंच, आणि त्याची लिंक परत ग्रुपवर. सिनियरने फक्त वाचून "बरोबर" म्हणायचं. यात उत्तर देणाऱ्याचा वेळ जात नाही, विचारणाऱ्याला ते डोक्यात बसलं की नाही हे लगेच कळतं, आणि मुख्य म्हणजे पुढचा माणूस जे शब्द वापरून शोधणार तेच शब्द पानावर येतात. भाषेचा हट्ट नको, मशीन "ट्रिप मारतंय" असंच लोक म्हणत असतील तर तसंच लिहा, शुद्ध इंग्लिशमध्ये लिहिलेलं कुणाला सापडत नाही.

पॉइंट आणि बक्षिसं लावणं

लोक लिहीत नाहीत म्हटल्यावर एचआरला पहिली सुचणारी आयडिया, महिन्यात सगळ्यात जास्त पोस्ट टाकणाऱ्याला व्हाउचर. याचा अनुभव इन्फोसिसने फार आधी घेतलाय. 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या केशॉप या नॉलेज पोर्टलवर लेख देणाऱ्याला नॉलेज करन्सी युनिट मिळायची, म्हणजे पॉइंटच, ते साठवून वस्तू घेता यायच्या. लेखांचा पूर आला. तपासणारे थकले, आणि एवढ्या ढिगातून कामाचं शोधायचं कसं हा नवीनच प्रश्न उभा राहिला. मग कंपनीने योजना बदलली आणि वाचणाऱ्याला त्याचा किती उपयोग झाला याला वजन दिलं. त्यांनी चूक ओळखून दुरुस्त केली याचं मला कौतुक वाटतं, पण अजूनही कितीतरी कंपन्या पहिल्याच पायरीवर उभ्या आहेत.

याच्या उलट झेरॉक्सचं उदाहरण बघा. ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ 80 च्या दशकात त्यांच्या कॉपीयर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन मंडळींबरोबर फिरले आणि त्यांना दिसलं की किचकट बिघाडात मॅन्युअलपेक्षा जेवताना एकमेकांना सांगितलेले किस्से जास्त कामी येतात. 90 च्या दशकात झेरॉक्सने युरेका नावाची सिस्टीम केली, टेक्निशियनने टीप लिहायची, दुसऱ्या अनुभवी टेक्निशियननी ती तपासायची, आणि टीपेबरोबर लिहिणाऱ्याचं नाव राहणार. त्या लोकांना पैशापेक्षा ते नाव महत्त्वाचं वाटलं. म्हणून व्हाउचर बाजूला ठेवा आणि उपाय ज्याने सांगितला त्याचं नाव पानावर घाला, मीटिंगमध्ये घ्या, अप्रेझलमध्ये लिहा. लिहिण्याचं काम हे काम म्हणून धरलं नाही तर ते घरी जायच्या आधी उरलेल्या पाच मिनिटांत होतं, आणि तसंच दिसतं.

साहेब ग्रुपमध्ये, म्हणून सगळे गप्प

लक्षण ओळखायला सोपं आहे. ग्रुपवर फक्त "नोटेड सर" आणि वाढदिवसाचे केक, आणि खरे प्रश्न खासगी मेसेजवर. कारण सगळ्यांसमोर विचारलं तर "हे पण माहीत नाही?" असं ऐकावं लागेल ही भीती, आणि ती उगाच नसते, कुणालातरी कधीतरी ते ऐकवलेलं असतं. यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही, साहेबांकडे आहे. मॅनेजरने स्वतः आठवड्यात एखादा खरा प्रश्न उघड विचारावा आणि ज्युनियरने उत्तर दिलं की तिथेच थँक्यू म्हणावं. आणि कुणी खासगीत विचारलं तर हेच ग्रुपवर विचार, मी तिथे उत्तर देतो, असं प्रेमाने सांगावं. प्रेमाने हे महत्त्वाचं, नाहीतर तो पुन्हा विचारणारच नाही.

विकीवर हीच अडचण वेगळ्या रूपात येते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 25 मार्च 1995 ला पहिली विकी सुरू केली ती वाचणाऱ्या कुणालाही पान दुरुस्त करता यावं म्हणून, आणि 2003 पासून चालू असलेला मराठी विकिपीडियाही तसाच चालतो, चूक दिसली की बदला, पटलं नाही तर चर्चा पानावर बोला, इतिहासात जुनी आवृत्ती आहेच. ऑफिसमध्ये मात्र "सरांनी लिहिलेलं मी कसं बदलू" म्हणून चुकीचं पान वर्षभर तसंच राहतं. प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस आणि शेवटचं तपासल्याची तारीख ठेवा, बदलायची परवानगी सगळ्यांना द्या, आणि इतिहास कसा बघायचा, जुनं परत कसं आणायचं हे एकदा करून दाखवा. काही बिघडत नाही हे दिसलं की लोकांचा हात मोकळा होतो. सहा महिने कुणी तपासलं नसेल तर पानावर वरच तसं लिहा. जुना जीएसटीचा दर किंवा बदललेली रजेची पॉलिसी वाचून कुणी काम केलं तर त्यापेक्षा पान नसलेलं बरं.

टूल कायम राहील असं धरून चालणं

गूगल वेव्ह हे एकत्र बोलायचं-लिहायचं टूल 2009 ला आलं आणि 2010 मध्ये गूगलने त्याचं काम थांबवलं. मेटाने वर्कप्लेस हे ऑफिससाठीचं फेसबुकसारखं टूल बंद करणार असं 2024 च्या मे मध्ये जाहीर केलं. स्लॅकच्या फ्री प्लॅनमध्ये शेवटच्या 90 दिवसांचंच बोलणं दिसतं आणि वर्षापेक्षा जुनं आता डिलीट होतं, छोट्या कंपन्यांना हे फार उशिरा कळतं. म्हणून टूल घेण्याआधी एकच प्रश्न विचारा, यातून आमचा डेटा बाहेर कसा काढायचा, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता डेमोमध्येच दहा पानं एक्सपोर्ट करून उघडून बघा, टेबल आणि फोटो जागेवर आहेत का.

व्हॉट्सॲपवरच सगळं चालत असेल तर अजून एक बघा. ग्रुपचा ॲडमिन कोण आहे, आणि तो राजीनामा देऊन गेला तर? निदान दोन ॲडमिन ठेवा, गेलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी ग्रुपमधून काढा, आणि ग्राहकांचे आधार कार्ड, बिलं असले फोटो ग्रुपवर टाकणं बंदच करा, कारण ते तीस जणांच्या खासगी फोनच्या गॅलरीत जाऊन बसतात आणि ग्रुपमधून काढलं तरी तिथून जात नाहीत.