ओढ्यात मासे, झिंगे दिसतच नाहीत? या चुका टाळा

काठावर पाच मिनिटं उभं राहायचं, "इथे काहीच नाही" म्हणायचं आणि परत फिरायचं. सह्याद्रीतल्या ओढ्यांवर आणि कोकणातल्या व्हाळांवर मी हे कितीदा पाहिलंय! मासे तिथेच असतात. आपण त्यांना बघण्याआधी त्यांनी आपल्याला बघितलेलं असतं, इतकंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभं राहणं. पाण्याखालून माशाला वरचं सगळं जग साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीत दिसतं. काठावर उभा असलेला माणूस त्या खिडकीत ठळक येतो. जमिनीलगत बसलेला माणूस कडेला चपटा होऊन जातो. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना असलेली संवेदनशील रेषा पाण्यातली बारीक हालचालही टिपते, त्यामुळे दगडावरून धपकन उतरलात तर डोह रिकामा झालाच समजा. चार पावलं अलीकडेच वाका, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि बसल्यावर किमान वीस मिनिटं हलू नका.

मग एकेक जण बाहेर येतो. आधी पाण्याच्या अगदी वरच्या थरात पिकू हा छोटा मासा, डोक्यावरच्या चकाकत्या ठिपक्यावरून लगेच ओळखू येतो. नंतर खाली कातळावर मळ्या. खालच्या ओठामागच्या चकतीने तो दगडाला धरून राहतो, धारेकडे तोंड करून शेवाळ खरवडतो आणि मध्येच टुणकन पुढच्या दगडावर जातो. त्याच्या 'गारा मुल्या' या शास्त्रीय नावात आपला मळ्याच आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं लिहिली तेव्हा स्थानिक नावच उचललं. म्हणून पुस्तकात शोधण्याआधी गावात मासे धरणाऱ्यांना विचारा.

वेळही चुकते. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि ओढ्याचा भरवसा नसतो. पाणी निवळतं ते ऑक्टोबरनंतर. भर दुपारी डोळ्यांवर नुसती चकाकी येते. पोलराइज्ड चष्मा असेल तर ती बरीच कमी होते, नसेल तर तळाला काच बसवलेला डबा पाण्यात टेकवून बघा, तेवढ्यानेही फार फरक पडतो. एक मात्र लक्षात ठेवा: सरळ वरून बघताना तीन फूट वाटणारा डोह प्रत्यक्षात चार फुटांचा असतो. अंदाजाने पाय टाकू नका.

दगड उलटून बघायचा मोह होतो. त्याच्या खालच्या बाजूला कुणाची अंडी असतात, कुणाचं घर. उचललाच तर तसाच, त्याच जागी ठेवा. हाताला डासांचं मलम लावलेलं असेल तर पाण्यात हात घालू नका.

वैतरणेवरच्या तिळसे इथे किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीत महसीर माणसाला बिचकत नाहीत. देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी धरत नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची पुण्याई आहे. ते बघून आपल्या ओढ्यात बिस्किटं टाकू नका. आणि घरच्या टाकीतले गप्पी किंवा टिलापिया तर कधीच सोडू नका. 1952 मध्ये देशात आणलेला टिलापिया आज कुठल्या कुठे पसरलाय!

झिंग्यांना दिवसा शोधलंत तर बहुधा निराशाच होते. ते कुजक्या पानांच्या थरात दडलेले असतात. तिथे पारदर्शक, रिकामा "मेलेला" झिंगा सापडला तर हळहळू नका, ती टाकलेली कात असते. खरी वेळ अंधार पडल्यावरची. सोबत कुणीतरी हवंच. विजेरीवर लाल कागद लावा आणि उजेड तिरपा टाका; दगडांच्या कडेला निखाऱ्यासारखे बारीक ठिपके पेटतात, ते झिंग्यांचे डोळे. थोडं थांबलात तर एखादी मादी पुढे सरकते. पोटाखाली अंड्यांचा घोस, आणि पोटाखालचे पाय सतत हलवत त्या अंड्यांना ती ताजं पाणी देत राहते.