देवापुढे गाऱ्हाणे कसे मांडावे : दुःखात सापडलेल्या विश्वासणाऱ्यासाठी

काढून ढीग लावलेल्या सोयाबीनवर ऑक्टोबरात दोन दिवस पाऊस धरून बसला की ताडपत्रीखालचा दाणाही काळा पडतो आणि शेंगेतच मोड फुटतात. त्यानंतरच्या रविवारी आमच्या भागातील एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला बसून पाहावे. साक्षीची वेळ येते, ज्याचा सगळा खरीप गेला तो भाऊ उभा राहतो, ‘प्रभूची स्तुती असो, त्याने आजवर सांभाळले’ एवढेच म्हणून खाली बसतो आणि घरून जे ओझे घेऊन आलेला असतो ते तसेच परत घेऊन जातो. त्याची साक्ष खोटी नसते, अपुरी असते. ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले त्याला आता सुमारे दीडशे वर्षे होतात. एवढ्या काळात इथला ख्रिस्ती माणूस स्तुती करायला, आभार मानायला आणि मागायला शिकला. देवापुढे गाऱ्हाणे कसे मांडावे हे मात्र त्याला कोणी शिकवल्याचे माझ्या पाहण्यात फारसे नाही. वास्तविक बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्याचीच आहेत.

आधी आरोप बाजूला ठेवावा

दुःखात सापडलेला माणूस देवाशी बोलण्याआधी बहुधा स्वतःवरच खटला चालवतो. आपल्याकडे त्यासाठी शब्द तयार आहेत: भोग, प्रारब्ध, साडेसाती. ख्रिस्ती घरांत हे शब्द कमी वापरले जातात, पण तोच हिशेब दुसऱ्या भाषेत होतो. ‘कुठेतरी पाप लपलेले असेल’, ‘दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) नीट दिला नसेल’, ‘विश्वास कमी पडला’.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे अंगावर आल्यामुळे इतकी माणसे गेली. एवढे उघड कारण समोर असूनही हे कोणाच्या पापाचे फळ, अशी कुजबुज पुढे कितीतरी वर्षे माझ्या कानावर येत असे. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात जवळजवळ हाच प्रसंग आहे. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून येशू स्वतःच ‘नाही’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यांना आपापल्या जीवनाकडे पाहायला सांगतो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?’ असे विचारले तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय नाकारले आणि माती कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावली.

दुष्काळाचेही तसेच आहे. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो म्हणून इथे पाऊस कमी आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा त्या पाण्याने मंडळीतल्या आणि मंडळीबाहेरच्या घागरी सारख्याच भरल्या. सारी सृष्टी कण्हत आहे, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो. त्या कण्हण्यात आपण सगळे आहोत आणि त्यातून विश्वासणाऱ्याला वेगळी सूट मिळाल्याचे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही.

मात्र सगळेच दुःख आभाळातून पडत नाही. काही दुःखे माणसाने माणसाला दिलेली असतात, आणि त्यांना ‘देवाची इच्छा’ म्हणणे मी देवाची निंदा समजतो. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे बाईला परत पाठवताना ‘बहिणी, आपापला वधस्तंभ वाहावा लागतो’ असे सांगितलेले मी ऐकले आहे. येशूने वधस्तंभ उचलण्याविषयी जे सांगितले ते त्याच्या मागे चालण्यासाठी माणूस जाणूनबुजून जी किंमत मोजतो तिच्याविषयी आहे; दुसऱ्याचा अत्याचार मुकाट्याने सोसण्याविषयी नाही. अशा बहिणीला आधी सुरक्षित ठिकाणी न्यावे, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन लावून द्यावा आणि प्रार्थना त्यानंतर तिच्याजवळ बसून करावी.

गाऱ्हाणे मांडण्याची रीत

देवापुढे तक्रार करणे म्हणजे अविश्वास, असे पुष्कळांना वाटते. योहानाचा अकरावा अध्याय त्यासाठी पुन्हा वाचावा. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस उशिरा निघतो. तो पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता’ असे तोंडावर सुनावते. थोड्या वेळाने मरीयाही तेच वाक्य बोलते. येशू दोघींपैकी एकीलाही दटावत नाही. आपण लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. पुढे गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, त्याने स्वतः प्याला टळावा म्हणून विनवले आणि वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्रातले गाऱ्हाणे आपल्या तोंडी घेतले. ज्याच्यापुढे आपण कैफियत मांडतो त्याने स्वतः ती मांडलेली आहे. दुःखाविषयी ख्रिस्ती विश्वासाला जे सांगायचे आहे त्याचा गाभा मला इथे दिसतो. तशी मराठी कानालाही ही भाषा परकी नाही. गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला हक्काने रागे भरते, आणि तिचे अभंग ऐकत वाढलेल्या मातीत आपण मात्र देवापुढे सरकारी कचेरीत उभे राहिल्यासारखे अवघडून उभे राहतो.

शिकायला तेरावे स्तोत्र घ्यावे, कारण ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, मग मागणे येते आणि शेवटी पूर्वीच्या दयेची आठवण. आपलेही गाऱ्हाणे याच वळणाने मांडावे. घरातील माणसे झोपल्यावर किंवा शेतात एकटे असताना, शक्यतो मोठ्याने बोलावे. ज्याला बोलणे जमत नाही त्याने वहीत लिहावे. प्रथम देवाला हाक मारावी, कारण हाक मारली की ते चरफडणे राहत नाही, प्रार्थना होते. मग झालेले सगळे नेमके सांगावे. तहसीलमध्ये अर्ज देताना आपण जसा गट नंबर आणि तारीख घालतो तसेच इथेही घालावे. ‘प्रभू, अडचणी फार आहेत’ अशा मोघम वाक्याआड माणूस स्वतःपासूनही लपतो. एक नमुना देतो.

‘प्रभू, तू ऐकतोस असे मी आजवर मानत आलो. मंगळवारी रात्री अडीच एकरांतले सोयाबीन भिजले. बियाण्याचे आणि खताचे पैसे दुकानदाराला द्यायचे आहेत, थोरलीची फी राहिली आहे आणि पंचनाम्याला अजून कोणी आलेले नाही. चार महिने आम्ही दोघे राबलो ते तू पाहत होतास. मग तो पाऊस दोन दिवस का थांबवला नाहीस? मला तुझा राग आला आहे. उद्या दुकानदाराकडे जायचे आहे, त्याला माझ्याशी माणसासारखे बोलू दे. थोरलीची शाळा सुटू देऊ नकोस. मागच्या दुष्काळात तू ज्यांच्या हातून आमच्या घरी ज्वारी पाठवलीस ते हात मी विसरलेलो नाही. आमेन.’

यात राग झाकलेला नाही आणि मागणे उद्यापुरते, हाताशी येईल एवढे आहे. शेवटची आठवण मनापासून येत नसेल तर ती ओढून आणू नये. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, तिथे उजेडाची एकही ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तेच गाऱ्हाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायलाही संकोच करू नये.

उत्तर येत नाही तेव्हा

पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे उत्तर मिळाले. तेव्हा बरे न होणाऱ्या माणसाच्या विश्वासात खोट काढणाऱ्या वक्त्याने आधी पौलाच्या विश्वासात ती काढून दाखवावी. आरोग्यसभेत हात ठेवून प्रार्थना झाली म्हणून साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा फिटच्या गोळ्या कधीही बंद करू नयेत. याकोबाच्या पत्राप्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घ्यावी आणि औषधही वेळेवर घ्यावे. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपायच सांगितला होता.

जगणेच नकोसे झाले असेल त्याने एलीयाची गोष्ट वाचावी. इतका मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, त्याला पुन्हा झोपू देतो, परत उठवून खायला घालतो. देवाशी बोलणे होते ते त्यानंतर, चाळीस दिवसांनी. आपल्या जिल्ह्यांत कर्जापायी आणि नापिकीपायी किती घरे उघडी पडली आहेत हे कोणाला सांगायला नको. म्हणून असा विचार मनात घोळू लागला की तो पाळकसाहेबांना किंवा घरातल्या एका तरी माणसाला त्याच दिवशी सांगावा, फवारणीचे औषध घराबाहेर कुलपात ठेवायला लावावे आणि 14416 या टेली-मानस क्रमांकावर बोलावे. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते.

दुसऱ्याच्या दुःखाच्या घरी जाताना

बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. बोलायला लागले आणि बिघडले. शेवटी देवाने त्यांच्यावर राग धरला आणि आपल्याशी एवढे भांडलेल्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवले.

मी पंचविशीत असताना अंबड तालुक्यातील एका घरी सांत्वनाला गेलो होतो. घरातला तरुण मुलगा गेला होता. ओसरीत बाजेवर बसून मी बायबल उघडले आणि देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्रातले वचन वाचू लागलो. मुलाची आजी सुपात तूर निवडत होती. खडा बाजूला टाकत, वर न पाहता ती म्हणाली, ‘ते मला पाठ हाय, लेकरा. तू पुस्तक मीट आन् बस जरा.’ मी बसलो. तासभर सुपात बोटे फिरल्याचाच काय तो आवाज होता. निघताना प्रार्थना तिनेच केली, माझ्यासाठी. ते वचन खरे आहे, पण ते दुःखात असलेल्याने स्वतः उच्चारायचे असते; बाहेरून आलेल्याने ते त्याच्या हातात कोंबायचे नसते.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी-पिठले नेऊन देतात, ही आपल्याकडची रीत ख्रिस्ती घरांनीही सांभाळली आहे. खरी अडचण शोकसभा झाल्यावर सुरू होते. माणसे पांगतात आणि त्या घरातली बाई मृत्यूचा दाखला, सातबाऱ्यावरची वारसनोंद, बँकेतले खाते यांच्यामागे एकटी हेलपाटे घालू लागते. मंडळीतल्या ज्याला कागद कळतात त्याने तिच्याबरोबर तलाठ्याकडे जावे. त्या दिवसापुरती तीच त्याची भक्ती. मृत्यूनंतरचा पहिला नाताळ आणि, आपल्यात वर्षश्राद्ध नसले तरी, वर्ष भरण्याची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी न बोलावता जावे. जाताना भाजीचा डबा न्यावा, पण तो तिथल्या तिथे रिकामा करून परत मागू नये. डबा त्या घरी राहू द्यावा, म्हणजे तो आणण्याच्या निमित्ताने आठवड्याने पुन्हा जाता येते.