फोटो मोठा करताना चेहरा तोच राहिला पाहिजे

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली. दरवर्षी क्लास संपवून नवीन पोरं-पोरी कामाला येतात, कुणी करवीरच्या खेड्यातनं, कुणी कागल-हातकणंगल्यातनं, आणि पहिल्या दिवशी मी त्यांना एकच काम देतो. कुणाचा तरी फोटो घ्या, दुसऱ्या फाइलवर टाका आणि मोठा करून दाखवा. बाकी फॉन्ट, शेडिंग, कटिंग सगळं जमतं त्यांना, पण दहातल्या सहा-सात जणांचा फोटो थोडासा ताणलेला निघतो आणि त्यांना ते दिसत पण नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, या लाइनमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी.

मी क्लासला शिकलो तेव्हा फोटोशॉप सीएस ६ होतं. सरांनी सांगितलेलं, कंट्रोल टी दाबायचं, शिफ्ट धरायचं आणि कोपरा ओढायचा, शिफ्ट सोडलं की फोटो वाकडा झालाच समजा. हे इतकं हातात बसलं की कंट्रोल टी झालं की डावी करंगळी आपोआप शिफ्टवर जायची. दुकानात पण पहिले काही महिने तेच जुनं व्हर्जन होतं त्यामुळं सगळं व्यवस्थित चाललं. मग मालकांनी नवीन कॉम्प्युटर घेतला, त्यावर नवीन फोटोशॉप आलं, आणि मी आपला जुन्या हातानं काम करत राहिलो.

एका रात्री नऊच्या सुमाराला दोन माणसं आली, भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे होता, सहा बाय चार उभा, दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. फोटो मोबाइलवरचा, कुठल्यातरी लग्नात काढलेला, आजोबा फेटा बांधून खुर्चीवर बसलेले. मी फोटो कट केला, फ्रेमवर ठेवला, कंट्रोल टी, शिफ्ट, कोपरा ओढला, फोटो फ्रेमच्या चारी कडांना बरोबर जाऊन बसला. बसला म्हणून मला बरंच वाटलं. स्क्रीनवर झूम साडेबारा टक्के, म्हणजे आजोबांचा चेहरा माझ्या अंगठ्याएवढा, त्यात काय कळणार. प्रिंट काढली, लाकडी फ्रेमला पट्टी मारली आणि भिंतीला उभा करून ठेवला.

न्यायला त्यांच्याबरोबर आजोबांची मुलगी आली होती. ती समोर उभी राहिली, बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, "दादा, हे आमचे आप्पा न्हवंत ओ. आप्पांचा चेहरा उभट हुता."

मी मोबाइलवरचा फोटो आणि फ्लेक्स शेजारी शेजारी बघितला. गाल रुंद झाले होते, मान आखूड झाली होती, फेटा पसरलेला. नाक-डोळे त्यांचेच, पण माणूस दुसरा. मी लगेच फाइल उघडली आणि नीट करायला गेलो, तर कंट्रोल टी दाबल्यावर वर रुंदी १०० टक्के आणि उंची पण १०० टक्के दाखवतंय, म्हणजे किती ताणलाय त्याचा हिशोबच शिल्लक नाही. शेवटी मूळ फोटो परत कट करून, परत बसवून, रात्री अकराला दुसरी प्रिंट दिली. पैशाचं सोडा, पण ज्यांच्या घरात माणूस गेलाय त्यांना आपण त्याचा चुकीचा चेहरा दाखवला हे मला फार लागलं, आणि आजपण श्रद्धांजलीचं काम आलं की मी मूळ फोटो शेजारी उघडा ठेवल्याशिवाय पुढं जात नाही.

झालं काय होतं ते सांगतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये फोटोशॉप सीसी २०१९ आलं तेव्हापासून फ्री ट्रान्सफॉर्मचं, म्हणजे कंट्रोल टीचं, वागणं उलटं झालं. आता कोपरा नुसता ओढला तरी फोटो प्रमाणातच लहान-मोठा होतो, आणि शिफ्ट धरलं तर प्रमाण सुटतं. म्हणजे जुन्या व्हर्जनमध्ये जे बटण फोटो वाचवायचं तेच आता बिघडवतं. क्लासमध्ये एक व्हर्जन, दुकानात दुसरं, घरच्या लॅपटॉपवर तिसरं अशी आपल्याकडं परिस्थिती असते त्यामुळं नवीन कॉम्प्युटरवर बसलात की आधी कुठलं तरी बिनकामाचं चित्र घेऊन एकदा कोपरा ओढून बघा, शिफ्ट धरून आणि न धरता, पाच सेकंद लागतात. जुनीच सवय ठेवायची असेल तर प्रेफरन्सेसमध्ये जनरलमध्ये यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म असा पर्याय आहे, त्यावर टिक केलं की पहिल्यासारखं होतं. मी स्वतः ते करत नाही, कारण उद्या दुसऱ्याच्या मशीनवर बसायची वेळ आली की हात परत चुकतो.

हातापेक्षा डोळा वरच्या पट्टीवर ठेवा. कंट्रोल टी दाबलं की वर डब्ल्यू आणि एच असे दोन आकडे येतात, रुंदी आणि उंची, आणि दोन्हीच्या मधे साखळीचं चिन्ह असतं. साखळी चालू असेल तर एका खान्यात आकडा टाकला की दुसरा आपोआप बदलतो. एंटर मारायच्या आधी दोन्ही आकडे सारखे आहेत का बघायचं. १३० आणि १३० असेल तर फोटो बरोबर, १३० आणि ११२ असेल तर चेहरा रुंद झालाय, मग स्क्रीनवर कितीही चांगला दिसू दे. चुकलं तर एस्केप दाबा, ओढून ओढून अंदाजानं नीट करत बसू नका, त्यात अजून बिघडतं. मधला बिंदू जागेवर ठेवून मोठा करायचा असेल तर ऑल्ट धरून कोपरा ओढायचा. आणि फोटो एवढा मोठा असेल की कोपरेच दिसत नाहीत, तर कंट्रोल टी नंतर कंट्रोल शून्य दाबा, सगळे कोपरे स्क्रीनमध्ये येतात. हे माहीत नसल्यामुळं कितीतरी पोरं मधली बाजूची खुंटी, म्हणजे कडेच्या मधोमध असलेला लहान चौकोन, धरून ओढतात आणि तिथंच घोळ होतो.

लेयर, म्हणजे फाइलमधला एकेक थर, हलतच नाही, कंट्रोल टी लागतच नाही असं झालं तर बहुतेक वेळा ती बॅकग्राउंड लेयर कुलूप लागलेली असते. तिच्यावर डबल क्लिक करून ओके करा. किंवा कंट्रोल जे मारून कॉपी काढा.

आता खरा प्रश्न पुढचाच आहे. जागा चौकोनी आणि फोटो उभा, मग करायचं काय? पोरं ताणतात ती याच अडचणीमुळं, आळसामुळं नव्हे. समजा गिऱ्हाइकानं १२०० बाय १६०० पिक्सेलचा फोटो दिलाय आणि फ्लेक्सवर दोन फूट बाय दोन फूट जागा आहे. फाइल ७२ रिझोल्यूशनची, म्हणजे एका इंचाला ७२ पिक्सेलची, धरली तर दोन फूट म्हणजे २४ इंच, म्हणजे १७२८ पिक्सेल. रुंदी १२०० ची १७२८ करायची म्हणजे १४४ टक्के, उंचीला पण १४४ टक्केच लावायचे, ती होते २३०४. म्हणजे ५७६ पिक्सेल जागेच्या बाहेर लोंबणार, आणि लोंबू देत. खाली जागेच्या आकाराचा चौकोन काढा, फोटोची लेयर त्याच्या बरोबर वर ठेवा आणि कंट्रोल ऑल्ट जी मारा, क्लिपिंग मास्क होतो आणि बाहेरचं दिसायचं बंद होतं. मग फोटो आतल्या आत वर-खाली सरकवून चेहरा बसवा, डोक्यावर थोडी जागा ठेवा, खालचा शर्ट कटला तर कटू दे. कापलेला शर्ट कुणाला खटकत नाही, रुंद झालेला चेहरा घरच्यांना लगेच खटकतो.

कधी उलटं असतं, फोटोतलं काहीच कापून चालत नाही, तालमीची फुटबॉल टीम आडवी उभी आहे आणि दोन्ही टोकांना माणसं आहेत. तिथं फोटो पूर्ण मावेल एवढाच ठेवायचा आणि उरलेल्या जागेला बॅकग्राउंड वाढवायचं, रंगाची पट्टी द्यायची, तालमीचं नाव तिथं मोठं घ्यायचं. सीझनला असली कामं खूप येतात आणि टोकाचा खेळाडू अर्धा कापला तर ते लोक बरोबर भांडायला येतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

स्मार्ट ऑब्जेक्टची सवय पहिल्या दिवसापासून लावा. फोटो आणला की लेयरवर राइट क्लिक करून कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट. साधी लेयर लहान करून एंटर मारला की पिक्सेल गेले, परत मोठी केली की चेहरा धुरकट होतो. स्मार्ट ऑब्जेक्ट मूळ पिक्सेल आत सांभाळून ठेवतं, कितीही वेळा लहान-मोठं करा, मूळ साइजपर्यंत क्लिअर राहतं. त्याच्या पुढं नेलं तर मात्र फुटणारच, त्यात जादू नाही. आणि दुसरा मोठा फायदा, स्मार्ट ऑब्जेक्टवर दुसऱ्या दिवशी कंट्रोल टी मारलं तरी खरे टक्के दिसतात. त्या रात्री आप्पांची लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट असती तर मला वर दोन वेगळे आकडे दिसले असते आणि दोन मिनिटांत दुरुस्त झालं असतं.

आमच्या गल्लीत एक जुने पेंटर आहेत, ब्रशनं बोर्ड रंगवणारे. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही, आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे आणि पुढं बाबुरावांनी इथंच सिनेमे काढले, त्या गावातली ही माणसं. ही गोष्ट घडल्यानंतर मी त्यांच्याजवळ सहज विषय काढला तर त्यांनी मला एक जुना फोटो दाखवला, त्यावर पेन्सिलनं अर्ध्या अर्ध्या इंचाचे खाने पाडलेले. भिंतीवर तेच खाने सहा सहा इंचाचे पाडायचे, म्हणजे चित्र बरोबर बारापट. फोटोत नाक जितके खाने आडवं आणि जितके उभं, तितकेच खाने भिंतीवर. मी विचारलं, आणि भिंत रुंद असली तर? ते म्हणाले, "खाना चौकोनच ऱ्हाणार. भिंत रुंद असली तर शेजारी झाड काढायचं." मला साखळीचा अर्थ त्या दिवशी खरा कळला, आणि नवीन पोरांना मी अजून हेच उदाहरण देतो.

बाकी सॉफ्टवेअरचं थोडक्यात. कोरलमध्ये कोपऱ्याची खुंटी ओढली की प्रमाण राहतं, बाजूची ओढली की ताणतं, आणि वर कुलपाचं चिन्ह आहे. कॅनव्हामध्ये फोटोची बाजू ओढली की तो ताणत नाही तर क्रॉप होतो, त्यामुळं तिथून शिकून आलेली पोरं फोटोशॉपमध्ये पण बाजूच ओढतात, ती सवय मोडा. गिंपमध्ये शिफ्ट एस मारलं की स्केल टूल येतं आणि खिडकीत साखळी असते. क्लास परवडत नसेल तर गिंप फुकट आहे, प्रॅक्टिसला काहीच कमी पडत नाही.

मंडळाचा गोल लोगो असेल तर तपासायला सोपं, शिफ्ट धरून शेजारी एक गोल काढा आणि त्यावर ठेवा, अंडाकृती झाला असेल तर लगेच कळतं. चेहऱ्याला असा गोल नसतो, तिथं मूळ फोटोच शेजारी लागतो. लोगो, नाव आणि फोटो एकत्र मोठं करायचं असेल तर तिन्ही लेयर निवडून कंट्रोल जी नं ग्रुप करा आणि ग्रुपलाच कंट्रोल टी मारा, एकेक वेगवेगळं मोठं केलं की आपसातलं प्रमाण जातं. पासपोर्ट फोटोला ट्रान्सफॉर्म करूच नका, क्रॉप टूलमध्ये ३५ मिमी, ४५ मिमी आणि ३०० रिझोल्यूशन टाका, ४१३ बाय ५३१ पिक्सेलची फाइल तयार होते आणि चेहरा जसाच्या तसा राहतो.

आणि एक, डिझाइन बरोबर असलं तरी काम मशीनवर बिघडू शकतं. प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साइज टाकताना पण प्रमाणाचं कुलूप असतं. गिऱ्हाइकानं आयत्या वेळी सांगितलं की आडवा सहा बाय चार नको, सहा बाय तीन करा, तर मशीनवरचा माणूस कुलूप काढून नुसता आकडा बदलतो आणि सगळी माणसं बुटकी होतात. म्हणून मी फाइलच्या नावातच साइज लिहितो आणि ऑपरेटरला सांगून ठेवलंय, साइज बदलली की फाइल माझ्याकडं परत पाठव, मी तीनमध्ये नव्यानं मांडून देतो, रात्रीचे दहा वाजले असले तरी.