उन्हाळ्यात रीफ टँकचं पाणी थंड कसं ठेवावं: पंखा, एसी की चिलर?

“टँकवर पंखा लाव, दोन-तीन अंश सहज उतरतात.” रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्या प्रत्येकाला एप्रिलमध्ये हा सल्ला मिळतो. पुण्यात तो शंभर टक्के बरोबर आहे. नागपुरात तर फारच बरोबर. मुंबईत मात्र मे महिन्यात हाच पंखा रात्रंदिवस फिरत राहतो, टँकमधलं पाणी कमी होत जातं आणि थर्मामीटर २९ वरून हलत नाही. दोष पंख्याचा नसतो, हवेचा असतो. म्हणून खरेदीला निघण्याआधी आपल्या घरातली हवा कशी आहे ते बघायचं, आणि त्याची रीत सोपी आहे. ती पुढे सांगतोच.

आधी लक्ष्य ठरवू. प्रवाळ, मासे आणि लाइव्ह रॉकवरचे (टँकमध्ये ठेवलेल्या सजीव खडकांवरचे) जीवाणू असं सगळं धरून २५ ते २६ अंश सेल्सिअस उत्तम. २७ चालतं. २८ ला सावध व्हायचं आणि ३० च्या पुढे प्रत्येक तास महाग पडतो. आकड्याइतकंच महत्त्व स्थिरतेला आहे. दिवसभरात एका अंशाच्या आत चढउतार हवा. सकाळी २५ आणि दुपारी २९ असा रोजचा झोका देण्यापेक्षा कायम २७ वर असलेला टँक बरा.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. प्रवाळाच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. प्रवाळाचा रंग बहुतांशी त्यांच्यामुळे असतो आणि अन्नाचा मोठा वाटाही त्यांच्याकडूनच मिळतो. पाणी तापलं की ही भागीदारी मोडते, प्रवाळ शैवालं बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. समुद्रात नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिलं, तरी हे होतं. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तेच सोसलं. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांना त्याच वेळी तो जास्त लागतो. त्यामुळे कोरल, म्हणजे प्रवाळ, पांढरं पडण्याआधी बऱ्याचदा मासेच पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात.

आधी मोजा

काचेवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी विसरून जा. ती खोलीचं आणि पाण्याचं तापमान मिसळून भलतंच काहीतरी सांगते. पाण्यात प्रोब सोडायचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि वापरण्यापूर्वी तपासा. पेल्यात बर्फाचा चुरा भरून थोडं पाणी घाला, ढवळा, प्रोब त्यात धरा. दोन मिनिटांनी शून्य दिसलं पाहिजे. एक अंश वर-खाली दाखवत असेल तर तेवढं लक्षात ठेवून वापरा, तीन अंशांचा फरक असेल तर परत करा.

मग काही दिवस पहाटे, दुपारी चारला आणि रात्री दिवे बंद व्हायच्या वेळी नोंद करा. पाण्याबरोबर खोलीचंही तापमान लिहा. पाणी खोलीपेक्षा सतत दोन-तीन अंश वर असेल तर उष्णता टँकच्या आतून येते आहे, म्हणजे पंप, दिवे, बंद कपाट. पाणी खोलीच्याच मागोमाग चढत असेल तर खोली थंड करण्याला पर्याय नाही.

ओल्या फडक्याची परीक्षा

आता ती रीत. थर्मामीटरच्या प्रोबला सुती फडक्याची चिंधी गुंडाळा, साध्या पाण्यात भिजवा आणि टँकशेजारी टेबलफॅनच्या झोतात धरा. आकडा उतरत जाईल आणि एका जागी थांबेल. कितीही पंखे लावले तरी टँकचं पाणी त्या आकड्याच्या खाली जाणार नाही. प्रत्यक्षात पंप आणि दिवे उष्णता देतच असतात, त्यामुळे ते दोनेक अंश वरच राहील असं धरा.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी बाहेर ३९ अंश असले तरी आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली असते, तेव्हा ओलं फडकं २०-२१ च्या आसपास थांबतं. नागपुरात ४४ अंशांच्या दुपारी १५ टक्के आर्द्रता असेल तर ते २३-२४ दाखवेल. विदर्भात घरोघर कूलर चालतात ते याच जोरावर. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली की फडकं साडेसत्तावीसला थबकतं. त्यावर दोन अंश चढवले की साडेएकोणतीस. रत्नागिरी, मालवण, पणजी इथलं गणितही फार वेगळं नाही.

तर निर्णय असा: फडकं २३ किंवा खाली दाखवत असेल तर पंखा पुरेल. २३ ते २५ मध्ये असेल तर पंखा आणि उष्णता कमी करायचे सगळे उपाय एकत्र लागतील. २५ च्या वर असेल तर एसी किंवा चिलर (टँकचं पाणीच थंड करणारं यंत्र). परीक्षा वर्षातून एकदाच करून थांबू नका. पुण्यात मेमध्ये वळवाचे ढग जमायला लागले की हवा दमट होते आणि महिनाभर झकास चाललेला पंखा अचानक कमी पडतो.

आतली उष्णता कमी करा

यातलं बरंचसं काम फुकटात होतं, म्हणून सगळ्यांनी आधी करावं. पाण्यात बुडालेला पंप जितके वॅट खातो, ते जवळजवळ सगळे शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरतात. २०० लिटरच्या टँकमध्ये १०० वॅट शिरले आणि बाहेर पडायला वाट नसली, तर पाणी तासाला ०.४ अंशापेक्षा थोडं जास्त चढतं. टँकखालच्या संप नावाच्या दुसऱ्या टाकीतून पाणी वर ढकलणारा तो रिटर्न पंप. तो जुना, घरघरणारा, एसी (अल्टरनेटिंग करंट) मोटरचा असेल आणि बदलून त्याच ताकदीचा डीसी पंप लावला तर वॅट बरेच वाचतात. मेटल हॅलाइड दिवे अजून असतील तर उन्हाळा हे ते काढून एलईडी घेण्याचं चांगलं निमित्त आहे.

दिव्यांची वेळ बदला. दुपारी बारा ते आठऐवजी संध्याकाळी पाच ते रात्री एक करा. प्रवाळाला उजेड किती तास मिळतो याच्याशी मतलब आहे, घड्याळाशी नाही. ही वेळ एकदम न सरकवता रोज अर्धा-एक तास सरकवा. टँकवर थेट ऊन येणारी खिडकी झाका. खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, कारण संप आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) यांच्याभोवतीची कोंडलेली हवा गरमही असते आणि दमटही. वरचं काचेचं झाकण काढून जाळी बसवा. जाळी हवीच. फायरफिश, रॅस असले मासे उड्या मारतात आणि सकाळी सोफ्याखाली सापडतात.

पंखा लावायचा तर असा

पंखा पाण्यावर वरून नको, तिरका हवा. झोत पृष्ठभाग घासून पलीकडे गेला पाहिजे. टँकवर एक आणि संपवर एक, असे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे एका मोठ्या पंख्यापेक्षा चांगलं काम करतात. १२ व्होल्टचाच आग्रह धरतोय तो सुरक्षेसाठी. खारं पाणी आणि २३० व्होल्ट एकमेकांशेजारी नकोत. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. घरात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते बसवून घ्या, पंखा नंतर.

पंखा टेंपरेचर कंट्रोलरवर चालवा: २६ ला सुरू, साडेपंचवीसला बंद. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत असे कंट्रोलर सहज मिळतात. हीटर काढून ठेवू नका, तो २४ वर लावा. कंट्रोलर बिघडून पंखा रात्रभर चालला तर कोरड्या हवेत पाणी २२ पर्यंतही घसरू शकतं. मात्र हीटर आणि पंखा यांच्या आकड्यांत दीड-दोन अंशांचं अंतर ठेवा, नाहीतर एक तापवतो, दुसरा थंड करतो आणि वीजबिल तुम्ही भरता.

पंखा थंडावा देतो तो पाण्याची वाफ करून. १०० वॅट उष्णता दिवसभर काढायची तर साधारण साडेतीन लिटर पाणी उडावं लागतं. उडतं ते फक्त गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. २०० लिटरच्या टँकमध्ये एका दिवसात खारटपणा (दर हजार भागांत मिठाचे भाग) ३५ वरून ३५.६ वर जातो आणि चार दिवस गाव गाठलंत तर ३७ च्या पुढे. म्हणून पंखा आणि ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) ही जोडी. तिची टाकी पुरेशी मोठी ठेवा आणि त्यात आरओचं पाणी भरा, मिठाचं नाही. पाणी हाताने घालणार असाल तर रोज ठरल्या वेळी संपमध्ये हळूहळू घाला. तिथे काचेवर मार्करने खूण करून ठेवली की पुरे. आठवड्यातून दोनदा रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) लावा.

मुंबई आणि किनारपट्टीसाठी

इथे एसी आणि पंखा एकत्र वापरणं हा सगळ्यात कमी ओळखला गेलेला उपाय आहे. एसी खोली थंड करतो तसाच हवेतला दमटपणाही काढतो. त्यामुळे २७ वर चालणाऱ्या एसीच्या खोलीत, बाहेर निकामी ठरलेला तोच छोटा पंखा नीट काम करायला लागतो. खात्री करायची तर एसी तासभर चालल्यावर फडक्याची परीक्षा पुन्हा घ्या. अडचण एवढीच, की रात्री एसी लावून सकाळी बंद करून ऑफिसला जाणाऱ्यांच्या टँकला रोज झोका बसतो. दिवसभर एसी चालवणं परवडत नसेल तर टँक बेडरूममध्ये ठेवून उपयोग नाही, चिलर घ्या.

चिलर निवडताना डब्यावर लिहिलेल्या लिटरवर विश्वास ठेवू नका. तो आकडा बहुधा थंड खोली गृहीत धरून लिहिलेला असतो. पंप, दिवे आणि स्किमर यांचे वॅट मिळवा आणि तापलेल्या खोलीतून काचेवाटे येणाऱ्या उष्णतेसाठी वर भरपूर जागा सोडा. २०० लिटरच्या रीफला मुंबईत एक-दशांश हॉर्सपॉवरचा चिलर जेमतेम पुरतो. मी तरी एक माप वरचं घेईन. मोठा चिलर कमी वेळ चालतो, टिकतो. खाऱ्या पाण्यासाठी आतली कॉइल टायटॅनियमचीच हवी. तांबं पाण्यात उतरलं तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळे मरतात. पेल्टिअरवर (विजेने एक बाजू थंड होणाऱ्या चकतीवर) चालणारे स्वस्त चिलर अगदी छोट्या नॅनो टँकपुरते.

चिलर पाण्यातली उष्णता गायब करत नाही, मागच्या जाळीतून खोलीत सोडतो. कपाटात कोंडलेला चिलर स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो. तो उघड्यावर, शक्यतो पावसापासून आडोसा असलेल्या बाल्कनीत ठेवा. जाळीवरची धूळ महिन्याला झाडा.

वीज गेली तर

पंपच थांबतात, त्यामुळे पाणी लगेच तापत नाही. आधी संपतो तो प्राणवायू. इन्व्हर्टरवर पहिली जागा वेव्हमेकरची (टँकमध्ये पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाची), दुसरी १२ व्होल्टच्या पंख्याची. चिलर आणि हीटर त्यावर घेऊच नका. १५० एएचची चांगली बॅटरी २० वॅटचा वेव्हमेकर दिवसभर सहज ओढते. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, किंमत किरकोळ आहे.

पाणी ३० वर गेलंच तर

दिवे बंद करा, माशांना खाणं घालणं बंद करा, वेव्हमेकर वर तोंड करून पृष्ठभाग खळबळवा. फ्रीझरमध्ये एक लिटरच्या बाटल्यांत आरओचं पाणी आधीच गोठवून ठेवलेलं असावं. बाटली काठोकाठ भरू नका, फुटते. अशी एक बाटली २०० लिटर पाणी साधारण अर्धा अंश उतरवते. ती बंद बाटलीच संपमध्ये सोडा, टँकमध्ये नाही, आणि एका वेळी एकच. दोन तासांत एका अंशापेक्षा जास्त उतरवायची घाई नको. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नका, खारटपणा ढासळतो.

कोरल पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही. त्यावर मांसल थर शिल्लक आहे का ते बघा. असेल तर दिव्यांची तीव्रता निम्म्यावर आणा, पाणी २५ ला स्थिर ठेवा आणि बारीक अन्न थोडं थोडं द्या. रंग परतायला आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात नवं कोरल आणू नका, अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) एका जागी ठेवा. आणि कमी झालेली जागा भरून काढायला मालवणच्या खडकांकडे नजर वळवू नका. भारतीय समुद्रातली भित्ती बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना.

जूनमध्ये पाऊस लागला की खोली उतरते आणि बरेच जण पंखे काढून माळ्यावर टाकतात. पुसून, मीठ झाडून हाताशीच ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये ते पुन्हा लागतात, आणि तेव्हाही लावण्याआधी फडक्याची परीक्षा घ्या, कारण परतीचा पाऊस रेंगाळला तर हवा मेपेक्षा फार कोरडी नसते.